तीन ओंजळी पाणी

नागुबाईच्या शोकसभेत दोन भाषणं झाली आन् दोन्ही खोटी. पहिलं किशनरावाचं. गावचा जुना सरपंच, कडक टोपी, गळा दाटल्याचं सोंग. म्हणाला, दुष्काळात गांजलेल्या ह्या माउलीनं पोटासाठी धर्म सोडला, तरी गावानं तिला अंतर दिलं न्हाई. दुसरं भाषण शहरातून आलेल्या प्रचारकाचं. तो म्हणाला, ह्या बहिणीनं शेकडो अर्भकं प्रभूच्या चरणी वाहिली. शाळेच्या पटांगणात बसलेल्या माणसांनी दोघांनाबी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी महादेवी. मलप्पा किराणावाल्याची बायको. आमी लिंगायत, मी सातवी पास आन् तोंडानं फटकळ. गाव अहमदपूरपासून आठ मैलांवर. माझ्या सासूनं हे गाव बिदर जिल्ह्यात पाहिलं, मी लग्न होऊन आले तव्हा ते उस्मानाबादेत होतं, आन् आता लातुरात हाय. घर तेच, उंबरा तोच, आन् उंबऱ्याच्या आत कुणाला घ्यायचं त्याचे कायदेबी तेच.

नागुबाई गावची दाई. मातंग वस्तीतली. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जगात आली, त्या किशनरावाचा धाकटा लेकबी. ती मागच्या दारानं यायची. बाई सुटेपर्यंत सगळ्या घराचा जीव तिच्या हातात, आन् बाई सुटली की तीच दाई विटाळ. ती पाठमोरी झाली की माझी सासू तिच्या पावलांवर गोमूत्र शिंपडायची. मीबी शिंपडलंय. सांगायला लाज वाटते, पण लपवून ठेवायला हे काय दागिने हायत?

आता पोटासाठी धर्म सोडल्याचं सांगते. बहात्तरचा दुष्काळ पडला तव्हा आमच्या शिवारात रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. सगळा तालुका खडी फोडत होता. नागुबाई आठव्या महिन्यात हातोडा घेऊन उन्हात बसलेली. पाण्याचा पिंप एकच. तिच्या वस्तीच्या बायांनी पिंपाला शिवायचं न्हाई, दुसऱ्या कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. त्या दिवशी ओतायला कुणाला सवड झाली न्हाई. दुपारी तिला अवेळी कळा सुटल्या. गावभरच्या बायांची सुटका करणारी बाई खडीच्या ढिगाआड एकटी पडली, आन् तिनं ज्यांची पोरं काढली त्या बाया तोंडाला पदर लावून लांब उभ्या राहिल्या.

उठली ती एक म्हातारी. सगुणाबाई नाव तिचं. नायगावाकडची, ख्रिस्ती, लेकीकडं आली होती आन् लेकीसंगं कामावर यायची. तिनं आपला लोटा थेट नागुबाईच्या तोंडाला लावला. पोर मेलेलंच आलं. लोट्यात उरलेलं पाणी म्हणजे म्हातारीचं दिवसभराचं पाणी. तिनं त्यातल्या तीन ओंजळी त्या मेल्या लेकराच्या डोक्यावर घातल्या, रगत आन् माती धुतली, आन् म्हणाली, "देवा, हे तुझं लेकरू. आता तुझ्यापाशी ठेव." मग आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यात गुंडाळलं आन् स्वतः खड्डा खणला.

नागुबाईला त्या हालातबी काय सुचलं असंल? तिनं म्हातारीला विचारलं, बाई, तू मला शिवली, आता आंघोळीला पाणी कुठून आणशील? म्हातारी म्हणाली, कशाची आंघोळ गं? माझा देवबी बाईच्या पोटीच आला, गोठ्यात आला, त्यालाबी रगत लागलेलंच होतं. कुणीतरी पुसलंच असंल की. झालं, एवढंच प्रवचन. पुढच्या साली नागुबाई नायगावाकडं जाऊन बाप्तिस्मा घेऊन आली.

आन् लोक म्हणाले, मिलोसाठी, रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीसाठी बाटली. अरे, मिलो आमीबी खाल्ला. लाल, किडका, रेशनच्या दुकानापुढं रांग लावून. किशनरावाच्या घरी तर पोत्यानं होता. मंग आमी कोणत्या धर्माचे झालो? तिला धर्म बदलून काय घबाड मिळालं ते विचारा. कागदावर ख्रिस्ती लागलं आन् तिची जातीची सरकारी सवलत गेली. नवरा, केरबा, चार महिने तिच्याशी बोलला न्हाई. पोटासाठी करणारी बाई असा घाट्याचा सौदा करंल का? पण एवढा विचार करायला डोस्कं लागतं, आन् बोलायला नुसतं तोंड पुरतं.

मला हे सगळं कसं ठाऊक? तिच्याच तोंडून. चौऱ्याहत्तरला माझा मन्मथ झाला. नागुबाईनं कोपरापर्यंत दोनदा हात धुतले, नाळ कापली, लेकराला पाटावर धरलं आन् कोमट पाण्याच्या तीन ओंजळी त्याच्या टाळूवर सोडल्या. ओठ हलले. मी अर्धमेली पडले होते तरी तोंड शाबूत होतं. विचारलं, काय पुटपुटलीस गं माझ्या लेकरावर, करणी-बिरणी तर न्हाई? तिला राग आला न्हाई. तिथंच बसून तिनं खडीचा ढीग सांगितला, म्हातारी सांगितली, लोटा सांगितला. मंग म्हणाली, "म्हातारीनं मेल्या लेकराला म्हटलं, तुझ्यापाशी ठेव. म्या जित्याला म्हनते, देवा, हे तुझं लेकरू, पर हिच्यापाशी राहू दे. ह्याच्यात करणी कुठली, आक्का?"

मी लेकराला जवळ घेतलं. मन्मथाआधीच्या माझ्या दोन लेकी तिच्यासमोरच गेल्या होत्या, हे तिलाबी ठाऊक होतं. मंग मी विचारलं की तुझा देव तरी कसला हाय, आमच्यापेक्षा काय वेगळा हाय त्याच्यात?

ती हात पुसत म्हणाली, "तुमच्यातलं मला काय कळतं, आक्का? माझं सांगते. वरून हुकूम सोडणारे लई बघितले. ह्यो खाली आला. बाईच्या पोटातून, रगतात न्हाऊन आला. तिथं कुणीतरी दाई असंलच की. तिनं नाळ कापली असंल. माझ्यासारखीच्या हातात देव आला आन् त्याला विटाळ झाला न्हाई. मोठा झाल्यावरबी ज्याला कुणी शिवत न्हाई त्यालाच शिवत गेला, म्हनून तर मारला त्याला. मला एवढंच कळतं. पुढचं पाद्रीबाबाला इचारा."

लई कीर्तनं, लई प्रवचनं ऐकली मी. देव बाईच्या बाळंतपणातून येतो आन् त्याला विटाळ होत न्हाई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सासू गोमूत्राचा तांब्या घेऊन आली तव्हा मी म्हणाले, राहू द्या. सासूनं ऐकलं न्हाई, ती शिंपडूनच गेली.

आन् ऐका, जाताना नागुबाईनंच आठवण केली, तुमच्या जंगमांना, ईश्वरप्पा स्वामींना निरोप धाडा, लेकराला लिंग बांधायचं राहिलंय. स्वामी एकदा तिला म्हणालेबी होते, आमची लेकरं तुझ्या देवाकडं नेऊ नको बरं का. ती म्हणाली, स्वामी, मी लेकरं हितवर आणून सोडते, पुढं कुठं न्यायची ते तुमी बघा. स्वामी हसले आन् वाटंला लागले. तिनं कुणाच्या दारात उभं राहून देव सांगितला न्हाई. पण कुणी विचारलं तर हातातलं काम ठेवून सांगायची, मंग ते पोर असो की सावकार. तिच्या वस्तीतली दोन घरं अशीच विचारत विचारत तिच्यासंगं रविवारी प्रार्थनेला बसायला लागली. त्यांना कुणी ओढलं नव्हतं.

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. उस्मानाबाद लांब होतं तोवर गावाची भांडणं गावातच मुरायची. लातूर एका एसटीवर आलं आन् लोकांना अर्जाची चटक लागली. बांध कोरला, अर्ज. शेळी शिरली, अर्ज. ह्या नव्या जिल्ह्याचं एक चांगलं झालं, नागुबाईला सरकारी दाईचं शिक्षण मिळालं, कार्ड मिळालं आन् एक अॅल्युमिनियमचा डबा. आत कात्री, दोरा, साबण, ब्रश. डब्यावर सरकारचा शिक्का. तो डबा हातात आल्यावर लोकांनी तिला पुढच्या दारानं बोलवायला सुरुवात केली. बाई तीच, हात तेच, शिक्का तेवढा नवा. ह्याचा मला आनंद व्हावा की संताप यावा ते आजबी कळत न्हाई.

तो डबा किशनरावाला आपल्या भावजयीसाठी पायजे होता. भावजयीनं आयुष्यात शेळीचं पिल्लूबी काढलं नव्हतं.

आन् त्याच्या हातात कोलीत दिलं ते ह्या प्रचारकानं. पंच्याऐंशीला तो गावात आला, वस्तीतलं एक बाळंतपण दारातून बघितलं, नागुबाईला विचारलं की हे पाणी कसलं घालता. तिनं मला सांगितलं तेच त्याला सांगायला घेतलं. पण तीन ओंजळी म्हटल्यावर त्याचे डोळे असे चमकले की पुढचं त्यानं ऐकलंच न्हाई. पुढं एक छापील पत्रक आलं, नागुबाईचा फोटो आन् खाली मजकूर, अहमदपूर तालुक्यातल्या एका दाईनं शेकडो बालकांचा गुप्तपणे बाप्तिस्मा केला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद कौतुकानं भिंतीला चिकटवला. भल्या माणसा, खडीचा ढीग ऐकून घ्यायला तुला आणखी दहा मिनिटं लागली असती. तुला बाई नको होती, आकडा पायजे होता.

ते पत्रक फिरत फिरत किशनरावाकडं पोचलं शहाऐंशीला. तव्हा पुन्हा दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, आन् टँकर कुठं उभा राहील हे किशनराव ठरवायचा. टँकर आमच्या दुकानापुढं उभा राहायचा. माझी थोरली लेक गौरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. किशनराव कागद घेऊन ओट्यावर बसला. नागुबाई आमच्या लेकरांना चोरून बाटवते, तिचं कार्ड रद्द करावं, असा अर्ज. ज्या आयांची पोरं तिनं काढली त्यांच्या सह्या पायजेत.

मी म्हणाले, हे खोटं हाय, त्या पाण्याचं काय ते मला ठाऊक हाय. किशनराव नुसता टँकरच्या जागेकडं बघत बसला. बोलले ते माझे मालक. वर न बघता म्हणाले, "पोरगी अवघडलेली हाय. टँकर वेशीपलीकडं उभा राहिला तर पाणी तू वाहशील का?"

मी सही केली. महादेवी मलप्पा, चांगल्या ठसठशीत अक्षरात. सातवी पास बाई.

आठ दिवसांनी लातूरहून एक साहेब आला. ह्याच शाळेत चौकशी झाली. नागुबाई डबा पोटाशी धरून उभी होती. साहेबानं विचारलं, तुम्ही मुलांना ख्रिस्ती करता का? ती म्हणाली, पाण्यानं कुणी ख्रिस्ती होत असतं तर टँकरच्या पाण्यानं सगळं गावच झालं असतं. कुणी हसलं न्हाई. मंग तिनं सगळं सांगितलं, खडी, म्हातारी, लोटा, मेलेलं लेकरू. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पेन खाली ठेवलं आन् विचारलं, हे तुम्ही आधी कुणाला सांगितलं होतं? ह्या बायांपैकी कुणी सांगू शकेल का?

मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्या शेजारी गौरम्मा, पोट घेऊन अवघडून बसलेली. नागुबाईनं सगळ्यांवरून नजर फिरवली. तिनं नुसतं माझं नाव घेतलं असतं तरी बस होतं. तिची नजर गौरम्माच्या पोटावर आली, तिथं थांबली, आन् तिनं खाली बघितलं. म्हणाली, कुणाला सांगितलं ते ध्यानात न्हाई, साहेब. बारा वर्षांपूर्वीचं शब्दनशब्द ध्यानात ठेवणारी बाई ती. आन् मी मूग गिळून बसले.

डबा गेला, कार्ड गेलं. एका कागदावर तिचा अंगठा घेतला की इथून पुढं ती बाळंतपणात लेकराच्या डोक्यावर पाणी घालणार न्हाई आन् देवाचं नाव घेणार न्हाई. केरबानं कुणाकडून तरी पत्र लिहून त्या प्रचारकाला कळवलं की बाबा, तुमच्या पत्रकापायी असं झालं, येऊन खरं सांगा. उत्तर आलं, आम्ही आपणासाठी प्रार्थना करीत आहोत. डबा किशनरावाच्या भावजयीला मिळाला.

पंधरा दिवसांनी, टळटळीत दुपारी गौरम्माला कळा सुरू झाल्या. भावजय डबा घेऊन आली. बघते तर पाय आधी. डबा तिथंच टाकून ती म्हणाली, अहमदपूरला न्या, माझ्यानं होत न्हाई. अहमदपूरची एसटी घटकाभरापूर्वी गेलेली. मालक गाडी शोधायला धावले. मी अनवाणी वस्तीकडं पळाले. बावीस-पंचवीस वर्षं त्या गावात नांदले, पण त्या वस्तीत माझं पाऊल तव्हा पहिल्यांदा पडलं.

नागुबाई दारात ज्वारी निवडत होती. मला माफी मागायची होती, पण तोंडातून आलं ते एवढंच, गौरम्मा, पाय आधी. तिनं माझ्याकडं बघितलं आन् एवढंच विचारलं, पाणी तापवलंय का? सूप बाजूला ठेवलं आन् माझ्या पुढं चालायला लागली. मी तिला पुढच्या दारानं आत नेलं. तिच्या हातात शिक्क्याचा डबा नव्हता.

तासभर लागला. त्या तासाचं मी काय सांगू? पोर पायाळू आलं, निळं पडलेलं. तिनं त्याच्या तोंडातली घाण काढली, पाठ चोळली, आन् ते रडलं. गौरम्माबी रडली. टँकरच्या पाण्याचं पातेलं शेजारीच होतं, ज्या पाण्यासाठी मी सही केली तेच पाणी. नागुबाईनं लेकरू पाटावर धरलं आन् तशीच थांबली.

मी म्हणाले, "म्हण की."

"न्हाई, आक्का. अंगठा दिलाय."

"हितं कोण बघायला येतंय?"

"कुणी न्हाई. पर अंगठा माझाच हाय."

माझ्या खोट्या सहीपायी तिला अंगठा द्यावा लागला, आन् ती तो खरा करत होती. माझ्या तोंडात कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी पातेल्यात हात घातला. पहिली ओंजळ घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. "देवा," म्हणाले, "हे तुझं लेकरू. पण हिच्यापाशी राहू दे."  नागुबाईनं डोळे मिटले होते. संध्याकाळी ईश्वरप्पा स्वामी आले आन् त्यांनी लेकराला लिंग बांधलं.

मी ख्रिस्ती झाले न्हाई. आजबी इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत न्हाई. पण त्या दिवसापासून गावात नागुबाईला बोलावणं आलं की मी तिच्यासंगं जायचे. नाळ ती कापायची, ओंजळी मी घालायचे, शब्द मी म्हणायचे. शिक्क्याचा डबा भावजयीच्या फळीवर पडून राहिला. लिंगायताच्या बाईनं पाणी घातलं म्हणून अर्ज कुणी केला न्हाई, कारण कुठल्या कलमात बसवावं ते कुणाला सुचलं न्हाई. किशनरावाच्या सुनंची वेळ आली तव्हा त्यानंच माणूस धाडून नागुबाईला बोलावलं. त्याच्या नातवाच्या टाळूवरबी माझ्याच हातचं पाणी हाय.

तर परवाच्या सभेत मी उभी राहिले. मालकांनी पदर ओढला, मी तो सोडवून घेतला. मी म्हणाले, "दुष्काळात इमान विकलेली बाई बघायची असंल तर हिकडं बघा. टँकरच्या पाण्यासाठी खोटी सही मी केली. नागुबाईनं काही विकलं न्हाई आन् कुणाला काही बाटवलं न्हाई."

किशनराव म्हणाला, वहिनी, बसा, तुमाला त्रास होतोय. प्रचारक घड्याळाकडं बघत होता. मी काही बसले न्हाई. तिथून सरळ वस्तीमागं गेले, जिथं केरबानं तिला सकाळी माती दिली होती. घरून तांब्या भरून घेतला होता. माझ्यामागं गौरम्मा आली, तिच्यामागं आणखी बाया आल्या, किती ते मी मोजलं न्हाई.

ओल्या मातीपुढं बसले आन् तीन ओंजळी सोडल्या. ह्या वेळी शब्द त्या म्हातारीचे लागत होते, नागुबाईचे न्हाई. ते मी आजवर कव्हा म्हटले नव्हते.

"देवा, हे तुझं लेकरू. आता तुझ्यापाशी ठेव."